ऑरोरा फोर-एक्स: पहिल्या दिवसापासून दप्तर कसे ठेवावे

'ऑरोरा फोर-एक्स' हा अंतराळात साम्राज्य उभारण्याचा संगणकावरचा खेळ अर्ध्यावर सोडणाऱ्यांना कारण विचारले, तर बहुतेक जण तो फार किचकट असल्याचे सांगतात. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. किचकटपणा पहिल्या काही आठवड्यांत अंगवळणी पडतो. खरी अडचण येते ती परीक्षा, प्रवास किंवा कामाचा ताण यांमुळे महिनाभर बंद राहिलेला खेळ पुन्हा उघडला जातो तेव्हा. समोर चाळीस जहाजे, सहा-सात वसाहती आणि अकरा खनिजांचे साठे असतात, प्रत्येकाचा आकडा पडद्यावर अचूक दिसत असतो. पण त्यातले कोणते जहाज कोणत्या हेतूने कुठे उभे केले होते आणि कोणता कारखाना कशाची वाट पाहत थांबला होता, हे मात्र कुठेही लिहिलेले नसते.

माझ्या पहिल्या मोठ्या डावात असेच झाले. सूर्यमालेपासून एका उडीवरच्या तारामंडळात (खेळात एका तारामंडळातून दुसऱ्यात जंप पॉइंट नावाच्या ठिकाणांवरून उडी मारून जातात) एक इंधनवाहू टँकर नुसता उभा दिसला. तीन आठवड्यांनी खेळ उघडल्यामुळे तो तिथे का आहे हे आठवेना, म्हणून मी त्याला पृथ्वीवर बोलावून दुसऱ्या कामाला लावले. पाच महिन्यांनी, म्हणजे खेळातल्या पाच महिन्यांनी, दोन सर्वेक्षण जहाजे परतीच्या वाटेवर नेमकी त्याच तारामंडळात येऊन इंधनाअभावी अडकली, आणि टँकर त्यांच्यासाठीच तिथे ठेवला होता हे तेव्हा लक्षात आले. जहाजे शेवटी परत आणता आली, पण मोहिमेची ठरलेली मुदत उलटून गेल्याने खलाशांचे मनोबल पार ढासळले होते आणि पुढच्या सर्वेक्षणाचे वेळापत्रक दोन वर्षे मागे पडले. एका ओळीची नोंद असती, तर यातले काही घडले नसते.

पुढे जे लिहिले आहे ते अशा एकेका ओळीबद्दल आहे. डाव नुकताच सुरू करणाऱ्यांनी ते क्रमाने अमलात आणावे. ज्यांचा डाव आधीच वीस वर्षे पुढे गेला आहे, त्यांनीही आजच्या तारखेपासून सुरुवात करायला हरकत नाही.

खेळाची प्रकृती आधी समजून घ्यावी

'फोर-एक्स' ही संज्ञा अॅलन एमरिक यांनी १९९३ साली 'मास्टर ऑफ ओरायन' या खेळाची ओळख करून देताना वापरली. शोध घेणे, विस्तार करणे, साधनसंपत्ती वापरणे आणि शत्रूचा नाश करणे या चार क्रियांच्या इंग्रजी नावांतले 'एक्स' तिच्यात एकत्र आले आहेत. ऑरोरा याच घराण्यातला, पण तपशिलाच्या बाबतीत बहुतेक भावंडांच्या कितीतरी पुढे गेलेला खेळ आहे. स्टीव्ह वॉल्म्सली यांनी तो एकट्याने घडवला असून तो विनामूल्य मिळतो. आधीची आवृत्ती व्हिज्युअल बेसिकमध्ये होती आणि सी-शार्पमध्ये नव्याने लिहिलेली आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये आली. त्यात देखणी दृश्ये नाहीत. तक्ते, याद्या, रकाने आणि एक साधा नकाशा, एवढ्यावर सगळा व्यवहार चालतो.

या खेळाचा उगमच मुळी नोंदवहीत आहे. 'स्टारफायर' हा १९७९ पासूनचा पटावरचा अंतराळयुद्धाचा खेळ. त्याची मोठी मोहीम खेळायची म्हणजे जहाजे, वसाहती आणि उत्पन्न यांचा कागदोपत्री हिशेब सांभाळण्यातच खेळाडूचा बराच वेळ जाई. तो हिशेब संगणकाने करावा म्हणून वॉल्म्सली यांनी 'स्टारफायर असिस्टंट' ही आज्ञावली लिहिली, आणि त्याच वाटेने पुढे ऑरोरा जन्माला आला. तेव्हा आकड्यांचा हिशेब खेळ स्वतः उत्तम ठेवतो, यात शंका नाही. प्रत्येक अधिकाऱ्याची कारकीर्द, प्रत्येक जहाजाचा इतिहास आणि प्रत्येक ग्रहावरच्या खनिजाचा शेवटचा टनसुद्धा त्यात सापडतो.

यावरून नोंदींचा मुख्य नियम आपोआप ठरतो: पडद्यावर जे केव्हाही पाहता येते ते वहीत उतरवत बसू नये, आपण ते का केले आणि त्याकडे पुन्हा कधी पाहायचे आहे, एवढेच लिहावे. पुष्कळ नवे खेळाडू उत्साहाने वीस रकान्यांची स्प्रेडशीट तयार करतात, तीत प्रत्येक जहाजाचे इंधन भरत बसतात आणि चौथ्या दिवशी कंटाळून ती सोडून देतात. खेळाने आधीच नोंदवलेली माहिती आपण दुसऱ्यांदा नोंदवत आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते.

पहिली पायरी: फाइल सुरक्षित ठेवणे

वहीला हात लावण्याआधी डावाची प्रत कशी ठेवायची ते ठरवावे. ऑरोरा आपली सारी अवस्था एका एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये ठेवतो. सी-शार्प आवृत्तीत तिचे नाव 'ऑरोराडीबी डॉट डीबी' असे असते. आपण एकापेक्षा अधिक डाव चालवत असलो, तरी ते सगळे याच एका फाइलमध्ये राहतात. जतन करण्याची आज्ञा आपण दिली नाही, तर खिडकी बंद केल्यावर त्या बैठकीतले सगळे काम जाते. एखादी चाल मागे घेण्याची सोयही नाही.

म्हणून खेळाच्या फोल्डरबाहेर, शक्यतो दुसऱ्या ड्राइव्हवर, एक वेगळे फोल्डर करावे आणि बैठक संपताना जतन केलेली फाइल तिथे नाव बदलून टाकावी. नावात आधी खेळातली तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने आणि नंतर एक-दोन शब्दांत प्रसंग लिहावा, उदाहरणार्थ '२०४७-०८-०३ पहिला संपर्क'. असा क्रम ठेवल्याने प्रती आपोआप कालानुक्रमे लागतात. खेळ स्वतःही मागच्या अवस्थेची राखीव प्रत ठेवतो, पण ती अगदी अलीकडच्या अवस्थेपुरतीच असते. सहा महिन्यांपूर्वीची चूक दुरुस्त करायला ती उपयोगी पडत नाही. शेवटच्या पाच प्रती आणि दर दहा वर्षांची एक प्रत, एवढे राखले की पुरते.

नवी आवृत्ती येते तेव्हा जुना डाव तिच्यात बहुधा चालत नाही, कारण डेटाबेसची रचनाच बदललेली असते. अशा वेळी खेळाचे जुने फोल्डर तसेच ठेवून नवी आवृत्ती वेगळ्या जागी बसवावी, आणि नोंदवहीच्या पहिल्या पानावर डाव कोणत्या आवृत्तीत सुरू केला ते लिहून ठेवावे. काही अनुभवी खेळाडू डेटाबेस थेट उघडून त्यातली माहिती वाचतात. नवख्यांनी तसे करायचेच असेल, तर फाइलच्या प्रतीवर करावे आणि मूळ फाइलमध्ये काहीही बदलू नये. हाताने बदललेल्या डेटाबेसवरून आलेल्या तक्रारी निर्माता विचारात घेत नाही, आणि ते रास्तच आहे.

दुसरी पायरी: रोजकीर्द

आपल्याकडे दुकानाच्या हिशेबात दोन वह्या असतात. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचे आणि मग ते खातेवार खतावणीत उतरवायचे. ऑरोरासाठी हीच विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. रोजकीर्द कागदी वहीत किंवा साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवावी, खतावणी स्प्रेडशीटमध्ये. रोजकीर्दीला रकाने नकोत, कारण रकाने आले की रिकामी जागा भरण्याची सक्ती येते आणि लिहिणे जड होते.

खेळातला काळ पाच सेकंदांपासून तीस दिवसांपर्यंतच्या टप्प्यांनी पुढे सरकतो, आणि काही महत्त्वाचे घडले की मध्येच थांबतो. प्रत्येक थांब्याला नोंद करण्याची गरज नाही. आपण एखादा निर्णय घेतला, म्हणजे जहाज कुठे पाठवले, गोदीचे काम बदलले, वसाहत वसवली किंवा एखादे संशोधन थांबवले, तरच लिहावे. नोंदीचे तीन भाग असावेत: काय केले, का केले, आणि पुढे काय. वर सांगितलेल्या टँकरची नोंद आता मी अशी लिहीन:

'३ ऑगस्ट २०४७. केले: टँकर विजयदुर्ग बार्नार्डच्या ताऱ्यापाशी, सूर्यमालेकडच्या जंप पॉइंटवर उभा केला. का: पद्मदुर्ग आणि खांदेरी तिसऱ्या उडीवर सर्वेक्षण करत आहेत, परतीला इंधन पुरणार नाही. पुढे: दोन्ही जहाजे येईपर्यंत टँकर हलवू नये, १ मे २०४८ रोजी त्यांचे इंधन पाहावे.'

तीन ओळी लिहायला मिनिटभर लागते. यातली 'का' ही ओळ सर्वांत महत्त्वाची, आणि गाळली जाते तीही नेमकी हीच. कारण निर्णय घेताना त्यामागचे कारण इतके उघड वाटते की ते कधी विसरेल अशी शंकाही येत नाही. नोंदीच्या सुरुवातीला खेळातली तारीख असावी आणि बैठकीच्या सुरुवातीला एकदा खरी तारीखही लिहावी. मध्ये किती दिवस गेले हे दिसले, की आपल्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची याचा अंदाज येतो.

घटनांच्या खिडकीत प्रत्येक प्रकारच्या घटनेला वेगळा रंग देता येतो. संशोधन संपले, खनिज कमी पडले, अनोळखी जहाज दिसले, अशा चार-पाच प्रकारांना ठळक रंग देऊन ठेवले, तर रोजकीर्दीत काय उतरवायचे ते शोधत बसावे लागत नाही.

तिसरी पायरी: नावे

जहाजांच्या नावांकडे सजावट म्हणून पाहिले जाते. माझ्या मते ती नोंदवहीतली सर्वांत स्वस्त नोंद आहे, कारण ती प्रत्येक यादीत फुकट दिसते. खेळ सुचवील ती नावे स्वीकारत गेल्यास तीस वर्षांनी आपल्याजवळ साठ सुंदर नावे असतात आणि त्यांपैकी मालवाहू कोणते नि लढाऊ कोणते हे कळायला प्रत्येकावर क्लिक करावे लागते.

मी आपल्या आरमारातले शब्द घेतले आहेत. सर्वेक्षण जहाजांच्या जातीला 'गलबत', लढाऊ जहाजांना 'गुराब', मालवाहूंना 'तारांडे' आणि लहान पहारेकरी जहाजांना 'मचवा'. मराठा आरमारात गुराब हे तोफा बाळगणारे मोठे जहाज आणि गलबत हे वल्ह्यांवरही चालणारे चपळ जहाज असे, त्यामुळे हे शब्द त्या त्या कामाला शोभतात आणि लक्षातही राहतात. जातीच्या नावापुढे पिढीचा आकडा लावतो: गुराब-१, गुराब-२. प्रत्येक जहाजाला मात्र किल्ल्याचे नाव देतो. टंकताना रोमन अक्षरे वापरतो, वहीत देवनागरी. कोणी नद्यांची, कोणी संतांची नावे घेईल. पद्धत कोणतीही असो, जातीचे नाव वाचताच जहाजाचे काम कळले पाहिजे, आणि ही पद्धत वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली असली पाहिजे.

चौथी पायरी: खनिजांची खतावणी

इथे थोडे थांबून समजून घेणे आवश्यक आहे, कारण ऑरोरामधली बहुतेक साम्राज्ये शत्रूमुळे नव्हे, तर एखादे खनिज संपल्यामुळे अडतात. अकरा खनिजे आहेत: ड्युरेनियम, न्यूट्रोनियम, कॉर्बोमाइट, ट्रायटेनियम, बोरोनाइड, मर्कॅसियम, व्हेंडाराइट, सोरियम, युरिडियम, कोरंडियम आणि गॅलिसाइट. ड्युरेनियम जवळजवळ प्रत्येक बांधकामाला लागते, सोरियमपासून इंधन बनते, इंजिनांना गॅलिसाइट लागते, युरिडियम सेन्सर आणि नेमबाजीच्या यंत्रणांत जाते. प्रत्येक साठ्याला दोन आकडे असतात, एकूण टन आणि सुलभता. सुलभता ०.१ ते १ यांच्या दरम्यान असते आणि उत्पादन तिच्या प्रमाणात मिळते.

सुरुवातीच्या तंत्रज्ञानात एक खाण सुलभता १ असताना वर्षाला १० टन काढते, आणि तीच खाण त्या ग्रहावरची सगळी खनिजे एकाच वेळी काढते. आता गॅलिसाइटचे खाते मांडून पाहू. समजा, पृथ्वीवर ६०,००० टन साठा आहे, सुलभता ०.६ आणि खाणी ४००. वर्षाचे उत्पादन झाले ४०० गुणिले १० गुणिले ०.६, म्हणजे २,४०० टन. खर्चाच्या बाजूला, आपण वर्षाला सहा जहाजे बांधणार आहोत आणि प्रत्येकाच्या इंजिनांना ४५० टन लागतात, म्हणजे २,७०० टन. शिवाय क्षेपणास्त्रांच्या इंजिनांसाठी ४०० टन. एकूण खर्च ३,१०० टन, तूट ७०० टन. हाताशी शिल्लक ५,६०० टन असेल, तर ती आठ वर्षांत संपेल.

पडद्यावर या क्षणी ५,६०० टन शिल्लक दिसते आणि ६०,००० टनांचा साठा दिसतो, त्यामुळे सारे आलबेल वाटते. आठ वर्षे हा आकडा खतावणी मांडल्याशिवाय दिसत नाही. साठा मूळच्या निम्म्याखाली गेला की सुलभताही घसरू लागते. या उदाहरणात ते साडेबारा वर्षांनी होईल, म्हणजे टंचाई त्याच्या बरीच आधी येणार आहे. नवी खाण-वसाहत शोधायची, तिथे खाणी पोहोचवायच्या आणि माल पृथ्वीवर आणायची सोय करायची, याला सहज पाच वर्षे जातात. तेव्हा या खात्यापुढे 'दोन वर्षांत दुसरा साठा निश्चित करणे' असे लिहिले की खतावणीने तिचे काम केले. स्वयंचलित खाणीला कामगार लागत नाहीत, पण ती साध्या खाणीच्या दुप्पट खर्चाची असते. ओसाड लघुग्रहासाठी ती घ्यावी लागणार हे गृहीत धरून तिचा खर्चही त्याच पानावर मांडावा.

प्रत्येक खनिजाला एक ओळ पुरे: साठा, सुलभता, वार्षिक उत्पादन, योजलेला खर्च, शिल्लक आणि शिल्लक किती वर्षे पुरेल. संशोधनाने खाणीचे उत्पादन वाढते आणि राज्यपालाच्या गुणांचीही भर पडते, म्हणून दर दोन वर्षांनी १ जानेवारीला खेळ थांबवून आकडे नव्याने उतरवावेत. महिन्यामहिन्याला उतरवण्याने काही साधत नाही.

याच पानावर मास ड्रायव्हरची नोंद ठेवावी. हे यंत्र खनिजांची पुडकी अवकाशातून दुसऱ्या वसाहतीकडे फेकते आणि तिथले मास ड्रायव्हर ती झेलते. झेलणारे यंत्र तिथून हलवले, तर वाटेत असलेली पुडकी त्या ग्रहावर येऊन आदळतात आणि वस्तीचे नुकसान होते. म्हणून 'मंगळ ते पृथ्वी, टायटन ते पृथ्वी' अशी जोड्यांची यादी करून तिच्याखाली 'पृथ्वीवरचे यंत्र हलवण्याआधी ही यादी पाहावी' असे ठळक लिहावे.

पाचवी पायरी: तारामंडळे आणि संपर्क

प्रत्येक तारामंडळात गुरुत्वीय सर्वेक्षणाची ३० ठिकाणे असतात आणि ती तपासल्यावरच तिथले सगळे जंप पॉइंट सापडले असे म्हणता येते. नकाशावर जोडण्या दिसतातच. वहीत हवा तो आपला निष्कर्ष. हे मंडळ कशासाठी उपयोगी, पुढे कोणत्या पॉइंटमधून जायचे, कोणत्यातून मुद्दाम गेलो नाही आणि का. निरुपयोगी मंडळाचीही नोंद हवी. 'पूर्ण पाहिले, सोरियम नाही, वस्तीयोग्य काही नाही' ही ओळ नसली, की दहा वर्षांनी तिथेच आणखी एक जहाज पाठवले जाते.

अनोळखी जहाज दिसल्यास त्याची जात आणि वेग खेळ नोंदवतो. आपण लिहायचे ते असे: ते कोणत्या पॉइंटकडून आले, कुठे गेले, आपल्याला पाहून वळले का, आणि आपण त्या वेळी सक्रिय सेन्सर, म्हणजे स्वतः लहरी सोडून जहाजे शोधणारी यंत्रे, चालू ठेवले होते की बंद. त्यांची वस्ती कोणत्या दिशेला आहे याचा अंदाज अशा चार-पाच नोंदी शेजारी ठेवल्यावर येतो.

सहावी पायरी: आराखड्यांचे पुस्तक

जहाजाचा आराखडा खेळात कायम राहतो, पण तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून केला होता हे राहत नाही. प्रत्येक जातीसाठी अर्धे पान राखावे आणि त्यावर काम, टनभार, वेग, पल्ला, मोहिमेची मुदत किती महिन्यांची, आणि ती कोणत्या जातींबरोबर चालायची, हे लिहावे. ताफ्याचा वेग त्यातल्या सर्वांत मंद जहाजाइतकाच असतो. म्हणून 'या पिढीचा लढाऊ ताफा सेकंदाला ५,००० किलोमीटरने चालेल' असे एकदा ठरवून पुस्तकाच्या आरंभी लिहिले, तर त्यातला टँकरही त्याच वेगाचा हवा याचा विसर पडत नाही.

सेन्सरच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. सक्रिय सेन्सर आणि क्षेपणास्त्रांचे नेमयंत्र यांना रिझोल्यूशन असते, म्हणजे ते किती मोठ्या लक्ष्यासाठी बनवले आहे त्याचे माप. त्याचे एक एकक ५० टनांचे, म्हणजे रिझोल्यूशन १०० असलेला सेन्सर ५,००० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजाला आपल्या पूर्ण पल्ल्यावर पाहतो, त्याहून लहान जहाज मात्र त्याला बरेच जवळ आल्यावरच दिसते. पाच वर्षांनी यादीत चार सेन्सर दिसतात आणि त्यांतला क्षेपणास्त्रांसाठीचा कोणता, लढाऊ नौकांसाठीचा कोणता, हे नावावरून कळत नाही. मी सेन्सरच्या नावातच 'आर-१', 'आर-२०', 'आर-१००' असे घालतो आणि पुस्तकात प्रत्येकापुढे तो कोणाला पाहण्यासाठी केला ते लिहितो. सेन्सर आणि नेमयंत्र यांची रिझोल्यूशने जुळली नाहीत, तर समोरचे जहाज दिसते पण त्याच्यावर नेम धरता येत नाही; ही गोष्ट युद्धात कळण्यापेक्षा कागदावर कळलेली बरी.

सातवी पायरी: तारखांचे पान

ग्रह वस्तीयोग्य करण्यासारखी कामे दशकानुदशके चालतात. मंगळाचेच घ्या. आधी एस्टुसियम हा हरितगृह वायू सोडून तापमान वाढवायचे, मग माणसांसाठी ऑक्सिजनचा दाब ०.१ ते ०.३ वातावरण यांच्यामध्ये आणायचा, तो एकूण हवेच्या ३० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, आणि पृष्ठभागाचा पाचवा हिस्सा पाण्याखाली येईपर्यंत बाष्प सोडत राहायचे. प्रत्येक टप्प्याचे लक्ष्य खेळात भरता येते, पण एक टप्पा संपल्यावर पुढचा वायू आपणच निवडायचा असतो. यंत्रे वर्षभर रिकामी राहिली, असे नवख्यांच्या डावात हमखास आढळते.

वहीचे शेवटचे पान यासाठी ठेवावे. त्यावर फक्त तारीख आणि काम: 'मार्च २०५२, मंगळ, ऑक्सिजन सुरू करणे', 'जून २०५२, गुराब-१ ताफा, दुरुस्तीसाठी परत बोलावणे'. रोजकीर्दीतल्या 'पुढे' या ओळीत तारीख आली की ती लगेच या पानावरही उतरवावी. झालेले काम खोडावे, पुसू नये. उशीर कुठे होतो ते खोडलेल्या ओळींवरून कळते. तीस दिवसांचा टप्पा पुढे ढकलण्यापूर्वी या पानावर नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी.

लढाईच्या वेळी

लढाई पाच-पाच सेकंदांनी पुढे सरकते आणि त्या गडबडीत सविस्तर लिहिणे शक्य नसते. पहिल्या लढाईआधी एका कोऱ्या पानावर पाच बाबी लिहून ठेवाव्यात: अंतर, वेग, किती क्षेपणास्त्रे सोडली, किती लागली, काय गमावले. प्रत्येक फैरीनंतर त्यापुढे नुसते आकडे टाकत जावे.

यातला सर्वांत मोलाचा आकडा शत्रूच्या क्षेपणास्त्राचा वेग. लेसरसारख्या बीम शस्त्रांनी ती क्षेपणास्त्रे पाडायची, तर आपल्या नेमयंत्राचा मागोवा घेण्याचा वेग त्यांच्या वेगाशी ताडून पाहावा लागतो. समजा, त्यांची क्षेपणास्त्रे सेकंदाला २४,००० किलोमीटरने येतात आणि आपले यंत्र १२,००० पर्यंतच मागोवा घेते, तर नेम लागण्याची शक्यता निम्मी होते. हा आकडा लढाई संपताच आराखड्यांच्या पुस्तकात, पुढच्या पिढीच्या पानावर न्यावा. हरलेल्या लढाईचे पान फाडून टाकण्याचा मोह टाळावा, कारण पुढचे जहाज त्याच पानावरून तयार व्हायचे असते. आदल्या प्रतीवर परत जाऊन डाव पुन्हा खेळायचा ठरला, तरी ते पान ठेवावे आणि कोपऱ्यात 'हा भाग रद्द' असे लिहावे. एरवी घडलेले आणि रद्द केलेले यांची वहीत सरमिसळ होते.

बैठक संपवताना

शेवटची दहा मिनिटे खेळण्यासाठी वापरू नयेत. घड्याळ थांबवावे, डाव जतन करावा, प्रत बाजूच्या फोल्डरमध्ये न्यावी आणि मग रोजकीर्दीत पुढच्या वेळच्या स्वतःसाठी एक निरोप लिहावा. त्यात चालू असलेल्या दोन-तीन गोष्टी, काळजीची एखादी बाब आणि खेळ उघडल्यावर करायचे पहिले काम, एवढे असावे. माझ्या वहीतला कालचा निरोप असा आहे: 'खांदेरी अजून बाहेर आहे, विजयदुर्गला हात लावू नये. गोदी क्रमांक दोन गुराब-३ साठी तयार होत आहे, नोव्हेंबरपर्यंत तिला दुसरे काम देऊ नये. गॅलिसाइट सहा वर्षे पुरेल. उघडल्यावर आधी टायटनचा सर्वेक्षण अहवाल वाचावा.'